एकच हात मोकळा

विमानप्रवासाला निघायच्या आठ दिवस आधी मी घरातली एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. भिंत आणि खुर्ची यांच्यात जेमतेम गुडघे मावतील एवढीच जागा सोडली. लेकीला मांडीवर घेऊन बसले आणि पायाशी ठेवलेल्या पाठपिशवीतून एका हाताने डायपर काढून बघितला. निघेना. तो तळाशी होता, त्याच्यावर तिचे कपडे आणि कपड्यांवर खाऊचा डबा. डबा बाहेर काढला तर ठेवायला जागा नाही. दुसरा हात लेकीच्या पोटाभोवती, आणि ती त्यातून निसटायच्या बेतात. पिशवी मी अगदी नीट, घड्या घालून भरली होती. यादीतली एकही वस्तू राहिली नव्हती. तरी जी हवी ती हाताला लागत नव्हती.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "मग सगळ्यात वर काय ठेवायचं?" त्याने विचारलं. आमची पुढची सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती झाली.

खुर्चीचा हा प्रयोग सुचला तो आधीच्या प्रवासामुळे. लेक तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि विमानप्रवास फक्त दोन तासांचा, म्हणून मी फारसा विचार केला नव्हता. तिच्या सामानाची मोठी पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात टाकली आणि निवांत बसले. विमान खाली यायला लागलं, सीटबेल्टचा दिवा लागला आणि त्याच वेळी तिने पोटातलं सगळं दूध ओकलं. वाइप्स वर, बदलायचे कपडे वर, आणि जागेवरून उठायची परवानगी नाही. वीस-पंचवीस मिनिटं ती ओल्या कपड्यांत माझ्या छातीशी रडत राहिली. त्यात तिचे कानही दुखत असणार, कारण सारखी कानाशी हात नेत होती. मी माझ्या बाहीने तिचं तोंड पुसत होते. ते रडणं मला अजून ऐकू येतं. या वेळचा प्रवास बराच लांबचा होता: आधी चार तासांचं एक विमान, मग मधला थांबा, मग सात तासांचं दुसरं. घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत सतरा तास. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पहिली गाठ पडली ती तिकिटाशी. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मूल मांडीवर बसून जाऊ शकतं, त्याला वेगळी सीट लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. निघताना लेक तेवीस महिन्यांची असणार होती. पण तिचा दुसरा वाढदिवस मुक्कामाच्या मधल्या आठवड्यात येत होता, आणि वय धरतात ते त्या त्या उड्डाणाच्या दिवसाचं. म्हणजे जाताना ती मांडीवरचं बाळ आणि येताना स्वतःची सीट घ्यावी लागणारी प्रवासी. फोन करून दोन्ही बाजूंची तिकिटं त्याप्रमाणे वेगळी काढून घेतली. ज्यांच्या मुलांचा दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मध्ये येतोय, त्यांनी ही गोष्ट बुकिंग करतानाच सांगावी. परतीच्या दिवशी विमानतळावर कळलं तर विमान भरलेलं असू शकतं.

जातानाही तिला वेगळी सीट घ्यावी का, यावर आमचं बरंच बोलणं झालं. विमान अचानक जोरात हललं तर मांडीवरचं मूल नुसत्या हातांनी धरून ठेवता येत नाही. म्हणून विमानसुरक्षा बघणाऱ्या संस्था लहान मुलांसाठीही वेगळी सीट आणि त्यांच्या मापाचा पट्टा हेच सुचवतात. आम्ही खर्चाचा विचार करून जाताना मांडीवरच घेतलं. आज ठरवायची वेळ आली तर मी दोन्ही वेळा सीट घेईन. अकरा किलोंचं मूल अकरा तास मांडीवर घेणं हे शरीरालाही जड जातं.

सीट कोणती घ्यावी, याबाबत मात्र आमचा निर्णय बरोबर ठरला. सगळ्यांनी सांगितलं होतं की अगदी पुढची, समोर भिंत असलेली रांग घ्या, तिथे पाय पसरायला जागा मिळते आणि बाळाचा पाळणा भिंतीला लावता येतो. पण त्या पाळण्याला वजनाची मर्यादा असते आणि आमची लेक ती कधीच ओलांडून गेली होती. शिवाय त्या रांगेत समोर सीटच नसल्याने विमान चढताना आणि उतरताना पायाशी काही ठेवू देत नाहीत, सगळं वरच्या कप्प्यात जातं. नेमक्या त्याच दोन वेळा मला पिशवी हाताशी हवी होती. म्हणून आम्ही मधली रांग घेतली, खिडकी आणि तिच्या शेजारची जागा.

चेक-इनच्या वेळी तीही बदलावी लागली. त्याच रांगेत आधीच एक बाळ होतं. बहुतेक विमानांत तीन सीटांच्या वर ऑक्सिजनचे चार मास्क असतात, म्हणजे तीन सीटांमागे मांडीवरचं एकच मूल बसू शकतं. कारण कळल्यावर आम्ही मुकाट्याने दोन रांगा मागे गेलो.

आता पिशवीकडे येते. आम्ही दोघं एका रात्री कागद घेऊन बसलो आणि सतरा तास तासागणिक लिहून काढले. सामानाची यादी बाजूला ठेवली. घरातून निघणं, गाडी, चेक-इन, सिक्युरिटी, गेटवरची वाट बघणं, विमानात बसणं, चढणं, जेवण, झोप, उतरणं. प्रत्येक टप्प्यासमोर एवढंच लिहिलं की या वेळी ती कुठे असेल, माझे किती हात मोकळे असतील आणि काय लागेल. त्या कागदावरून लक्षात आलं की डायपर बदलताना अख्खी पिशवी लागतच नाही. एक डायपर, वाइप्सचं छोटं पाकीट, अंथरायचं पातळ प्लास्टिक आणि घाण टाकायची पिशवी एवढंच लागतं. विमानाचं टॉयलेट इतकं अरुंद असतं की मोठी पिशवी आत नेली तर मूल ठेवायचं कुठे? मग असे एकेक संच आम्ही छोट्या पारदर्शक पिशव्यांत भरले. एका पिशवीत एका वेळेचं सामान. गेली की दुसरी. कपड्यांचंही तसंच, एका पिशवीत पूर्ण एक जोड, मोज्यांसकट. आणि तीच रिकामी पिशवी नंतर ओले कपडे बंद करून ठेवायला उपयोगी पडते.

डायपर किती घ्यायचे? दर तीन तासांना एक धरला तर सतरा तासांना सहा पुरतात. मी उशीर धरून चार जास्त घेतले. नवऱ्याला ते जास्त वाटत होते. पुढे दुसरं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि पोचलो तेव्हा दहातला एकच उरला होता.

द्रव पदार्थांचा नियम बहुतेकांना माहीत असतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला आणि त्यानंतर जगभर शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. बाळाचं दूध, बाळाचं खाणं आणि औषधं यांना प्रवासापुरत्या प्रमाणात त्यातून सूट मिळते. पण ती मागावी लागते. आम्ही दूध आणि औषधं वेगळ्या पिशवीत ठेवून, ट्रे पुढे सरकवायच्या आधीच तिथल्या माणसाला दाखवली. त्यांनी बाटली तपासली, परत दिली, दोन मिनिटांत काम झालं. शेजारच्या रांगेत एका आईची दुधाची बाटली इतर सामानाच्या पोटात सापडली आणि तिची सगळी पिशवी टेबलावर उलटी करावी लागली. मूल तिच्या कडेवर रडत होतं. मला तिच्या जागी मीच दिसत होते.

औषधांसाठी आम्ही आधीच्या आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं आणि नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, हे सगळं त्यांनी चिठ्ठीवर तिच्या वजनाप्रमाणे लिहून दिलं. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून ते थेंब. कुणीतरी सुचवलं होतं की झोप यावी म्हणून सर्दीचं औषध द्यावं. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या एकदम गंभीर झाल्या. झोपेसाठी म्हणून असं औषध लहान मुलाला कधीच द्यायचं नाही, श्वासावर परिणाम होऊ शकतो आणि काही मुलांमध्ये तर उलटंच होतं, ती झोपायच्या ऐवजी जास्त अस्वस्थ होतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हा सल्ला अजूनही प्रेमाने दिला जातो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

कानाचं कारणही त्यांनीच समजावलं. विमान कितीही उंचावर असलं तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. विमान उतरायला लागलं की तो पुन्हा वाढतो, पण कानाच्या पडद्यामागचा दाब लगेच वाढत नाही, म्हणून पडदा आत ओढला जातो. कान आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते, ती गिळताना उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. लहान मुलांमध्ये ही नळी अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे त्यांना जास्त त्रास होतो. आधीच्या प्रवासात मी लेकीला उतरण्याच्या बऱ्याच आधी पोटभर दूध पाजलं होतं आणि खरोखर गिळण्याची गरज होती तेव्हा तिच्या तोंडात काहीच नव्हतं. उतरण्याची सुरुवात जमिनीवर टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी होते. प्यायला द्यायचं ते त्या अर्ध्या तासात, थोडं थोडं. मूल झोपलं असेल तर तेव्हा उठवायचं, कारण झोपेत गिळणं कमी होतं.

म्हणून घरी आम्ही एक सवय लावली. रोज संध्याकाळी तिला कुशीत घेऊन सिपरने पाणी पाजायचं आणि त्याला नाव दिलं 'कानाचं पाणी'. विमान खाली जातं तेव्हा हे प्यायचं, असं सांगत राहिलो. तिला त्यातलं किती कळलं, मला माहीत नाही, पण शब्द तिच्या ओळखीचा झाला.

सिपरवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. स्ट्रॉचा सिपर जमिनीवर घट्ट बंद केला आणि वर गेल्यावर उघडला की आतल्या हवेच्या दाबाने पाणी स्ट्रॉमधून वर उसळतं. आधी झाकण थोडं सैल करून हवा जाऊ द्यायची, मग स्ट्रॉ उघडायचा. क्रीमच्या ट्यूबचंही तसंच होतं.

खेळण्यांत मी गोल वस्तू एकही घेतली नाही, कारण घरंगळत पुढच्या सीटांखाली गेलेली वस्तू परत मिळत नाही. खडू तिकोनी घेतले. सगळ्यात जास्त वेळ ती रमली ती कागदी चिकटपट्टीत. समोरच्या ट्रेवर मी पट्ट्या चिकटवायच्या, तिने नखाने सोलायच्या. तिच्या बोटांना ते काम इतकं आवडलं की चाळीस मिनिटं गेली. बाकीच्या चार-पाच छोट्या नव्या वस्तू नवऱ्याच्या खिशात होत्या आणि त्या एकेक करूनच बाहेर येत होत्या. टॅबलेटवर गोष्टी आधीच उतरवून घेतल्या होत्या आणि मुलांचा, मर्यादित आवाजाचा हेडफोन तिला घरी पंधरा दिवस घालायला दिला होता. आयत्या वेळी दिला असता तर तिने तो डोक्यावर ठेवलाच नसता. पॉवर बँक केबिनमध्येच लागते, चेक-इनच्या बॅगेत टाकू देत नाहीत, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर सामानकक्षात कुणी नसतं. शंभर वॉट-तासांच्या आतली चालते. आमची वीस हजार मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे वीस अँपिअर-तासांची होती; ३.७ व्होल्टने गुणून चौऱ्याहत्तर वॉट-तास.

मोठ्या बॅगांचं थोडक्यात सांगते. प्रत्येकी तेवीस किलो मिळत होते. बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. पहिल्या फेरीत एक बॅग सव्वीस किलो भरली, तेव्हा लेकीचे डायपर काढले, तिथे गेल्यावर घेता येतात. प्रवासापुरते आणि पहिल्या दिवसापुरते पुरे. दोन्ही बॅगांवरचे जुन्या प्रवासाचे स्टिकर काढून टाकले, कारण मशीन जुना बारकोड वाचून बॅग भलतीकडे पाठवू शकतं. आणि तिघांचेही कपडे दोन्ही बॅगांत वाटून भरले. एक माझी, एक नवऱ्याची असं केलं नाही. हे मी आईच्या आग्रहाखातर केलं. "एक हरवली तर पोरीने घालायचं काय?" असं ती म्हणाली होती. एक बॅग खरंच दुसऱ्या दिवशी आली. पोरीला घालायला कपडे होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही सिक्युरिटीचाही सराव केला. तिचा कापडी ससा तिच्या हातातून घेऊन यंत्रात घालावा लागणार, हे मला दिसत होतं आणि त्या क्षणी ती किती रडेल तेही. मग घरात पलंगाखालून ससा एका बाजूने ढकलायचा आणि दुसऱ्या बाजूने काढायचा, असा खेळ सुरू केला. 'ससा बोगद्यात गेला, ससा आला.' विमानतळावर तिने स्वतः तो ट्रेमध्ये ठेवला आणि पलीकडे जाऊन वाट बघत उभी राहिली. त्या वेळी मला जे वाटलं ते शब्दांत नीट मांडता येणार नाही.

बाबागाडी आम्ही विमानाच्या दारापर्यंत नेली. गेटवर तिला टॅग लावून घ्यायचा आणि गाडी दारातच परत मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे तिथेच विचारून घ्यायचं. मधल्या थांब्यावर ती दारात मिळेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. ती मिळाली नाही, थेट शेवटच्या ठिकाणी गेली. झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन नवरा त्या लांबच लांब मार्गिकेतून चालला. पुढच्या वेळी कापडी झोळीसारखं कॅरिअर पाठीवर असलंच पाहिजे, हे तेव्हा ठरलं.

आणि ओकारी या वेळीही झालीच. दुसऱ्या विमानात, जेवणानंतर तासाभराने, नवऱ्याच्या अंगावर. पट्ट्याचा दिवा लागलेला होता. मी वाकून पायाशी हात घातला, वरची पहिली पिशवी वाइप्सची, दुसरी कपड्यांची. तिला पुसलं, कपडे बदलले, ओले कपडे रिकाम्या पिशवीत बंद केले. तीन मिनिटंही लागली नसतील. नवऱ्यासाठी एक जादा शर्ट मी शेवटच्या क्षणी कोंबला होता, तोही निघाला. आई-बापाचा एकेक कपडा केबिनमध्ये ठेवायला मी आता कुणालाही सांगते. मुलाचे तीन जोड घेतलेले असतात आणि आपण तसेच ओले बसून राहतो.

परतताना ती दोन वर्षांची होती आणि तिची स्वतःची सीट होती, खिडकीजवळची. आमच्या गाडीतल्या सीटवर विमानात वापरायला मंजुरी असल्याचं लेबल नव्हतं, म्हणून मागच्या पाठीला अडकवायचा, दहा ते वीस किलो वजनाच्या मुलांसाठीचा पट्टा घेतला होता. तो चालेल असं विमान कंपनीकडून आधी लेखी मागवून ठेवलं होतं. दारात हवाई सुंदरीने विचारलं, मी ते पत्र दाखवलं. पट्टा लावला तेव्हा लेक दहा मिनिटं तरी कुरकुरली. मग तिच्या हातात चिकटपट्टी दिली.

माझे दोन्ही हात मोकळे होते. सवयीने मी तरी पिशवी पायाशीच ठेवली, तशीच लावलेली. शेवटच्या तासात ती झोपली. विमान खाली यायला लागल्याचं कानांना कळलं तेव्हा मी तिच्या गालाला हात लावून तिला हळूच उठवलं. डोळे पूर्ण उघडायच्या आधीच तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"आई, कानाचं पाणी."

मी झाकण सैल केलं, हवा जाऊ दिली आणि सिपर तिच्या हातात दिला.